इंजिनाचा ताप आणि पाण्याचा हिशेब

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी जमलेल्या गर्दीचे डोळे एका मोटारीच्या वाटेकडे लागलेले असतात. ती मोटार म्हणजे राजघराण्याची ‘मेबॅक’. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील, १९३०च्या दशकातील ही जर्मन बनावटीची गाडी गर्दीतून वाट काढत माणसाच्या चालीने पुढे सरकते. पाहणाऱ्याला तिच्यात संस्थानी वैभव दिसते. इंजिन जाणणाऱ्या मेस्त्रीच्या मनात मात्र वेगळाच विचार येतो. एवढे मोठे इंजिन इतक्या संथ गतीने चालवायचे, तर समोरून वारा नाही. मग त्याचा ताप उतरायचा कसा?

हा प्रश्न त्या गाडीच्या नावालाच जाऊन भिडतो. आज प्रत्येक मोटारीच्या तोंडाशी जो रेडिएटर दिसतो, त्याला आधुनिक रूप देणाऱ्या अभियंत्याचे नाव विल्हेल्म मेबॅक. पुढे त्यांनी आणि त्यांचे पुत्र कार्ल यांनी उभारलेल्या कंपनीने ‘मेबॅक’ मोटारी घडवल्या. म्हणजे दसरा चौकात दरवर्षी मिरवणाऱ्या गाडीवर इंजिन थंड ठेवण्याची युक्ती शोधणाऱ्या माणसाचेच नाव आहे.

सव्वाशे वर्षांनंतरही ती युक्ती पुरती समजलेली असते असे नाही. इंजिनाची ताकद वाढवून घेण्याची हौस अलीकडे शहरांतून वाढली आहे. संगणकीय प्रणालीत फेरफार करून, टर्बोचा दाब वाढवून वीस-पंचवीस टक्के जादा अश्वशक्ती मिळवली जाते. मात्र त्या ताकदीबरोबर येणाऱ्या उष्णतेचा हिशेब बहुधा मांडलाच जात नाही. तो चुकला की घाटातल्या पहिल्याच मोठ्या चढावर हेड गॅस्केट जाते, ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि हौसेचे मोल दामदुपटीने चुकवावे लागते.

मधाच्या पोळ्यासारखी जाळी

मोटारीच्या आरंभकाळात पाणी उकळून वाफेवाटे उडून जाऊ देणे हीच थंड करण्याची रीत होती. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइम ते फोर्झहाइम हा इतिहासप्रसिद्ध प्रवास केला, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले होते. इंजिनाची ताकद दोन-तीन अश्वशक्तीच्या आत होती तोवर हे चालून गेले.

ताकद वाढली आणि ही रीत कोलमडली. मेबॅक यांनी १९००-०१ मध्ये ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी जो रेडिएटर बनवला, त्यात सहा मिलिमीटर बाय सहा मिलिमीटर छेदाच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. नळ्यांतून हवा जात होती आणि नळ्यांच्या फटींतून पाणी. समोरून पाहिले तर मधाचे पोळेच. मागे पंखा होता, त्यामुळे गाडी मंद चालतानाही हवा खेचली जात असे. लागणारे पाणी पूर्वीच्या निम्म्यावर, सुमारे नऊ लिटरवर आले. १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत या गाडीने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले, त्या यशात या पोळ्याचाही वाटा होता.

या शोधातील मर्म पाण्याच्या मात्रेत नव्हते. पाणी निम्मे झाले आणि थंडावा वाढला, कारण हवेला भिडणारे धातूचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढले. आजच्या शक्तिशाली इंजिनांनाही हाच धडा लागू पडतो.

पन्नास गिझरांची उष्णता

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा वायूचे तापमान काही क्षण दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे हेड आणि पिस्टन शाबूत राहतात, कारण भिंतीत शिरलेली उष्णता दुसऱ्या बाजूने अखंड काढून घेतली जाते. पिस्टनला पाणी लागत नाही. त्याचा ताप कड्यांवाटे भिंतीकडे आणि खालून उडणाऱ्या तेलाकडे जातो. त्या तेलाची उष्णताही अनेक गाड्यांत शेवटी पाण्याकडेच सोपवली जाते.

पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर असताना इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. त्याहून थोडा अधिक हिस्सा धुराड्यातून जातो, आणि पाव हिस्सा किंवा त्याहून काहीसा कमी पाण्यात उतरतो. दोनशे अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १५० किलोवॉटचे इंजिन धरले, तर पूर्ण जोरावर असताना पाण्याला ९० ते १०० किलोवॉट उष्णता वाहून न्यावी लागते. घरातला साधा गिझर दोन किलोवॉटचा असतो. बॉनेटखाली असे पन्नास गिझर एकाच वेळी चालू आहेत, असे समजावे.

आता पाण्याचा हिशेब. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल अशा मिश्रणाला रूढ भाषेत कूलंट म्हणतात. अशा गाडीचा पंप मिनिटाला सुमारे २०० लिटर, म्हणजे सेकंदाला ३.३ लिटर कूलंट फिरवतो असे मानू. तेवढा प्रवाह एका अंशाने तापायला सुमारे १२ किलोवॉट लागतात. म्हणजे १०० किलोवॉट उचलताना कूलंट इंजिनात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत अवघा आठ अंशांनी तापतो. ८७ अंशांना आत गेलेला कूलंट ९५ अंशांना बाहेर येतो आणि रेडिएटरमध्ये हे आठ अंश गमावून परत फिरतो.

हवेचा हिशेब यापेक्षा कितीतरी कठोर आहे. मे महिन्यातील ४० अंशांची हवा रेडिएटरमधून जाताना ८० अंशांपर्यंत तापली असे धरले, तरी १०० किलोवॉट उष्णता नेण्यासाठी सेकंदाला सुमारे अडीच किलो हवा लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. तेथील उन्हाळी हवा विरळ असल्याने हे आकारमान दर सेकंदाला सव्वादोन-अडीच हजार लिटरांच्या घरात जाते. इमारतीच्या गच्चीवरील हजार लिटरच्या दोन टाक्या पूर्ण आणि तिसरी जवळजवळ निम्मी भरेल इतकी हवा, आणि तीही प्रत्येक सेकंदाला! सव्वातीन लिटर पाणी एकीकडे आणि जवळपास अडीच हजार लिटर हवा दुसरीकडे, असा हा विषम सामना आहे. रेडिएटरमध्ये अडचण बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला नसते, हवेच्या बाजूला असते.

प्रवाह कशासाठी?

असे असेल तर कूलंट वेगाने फिरवण्याची गरज काय? याचे उत्तर रेडिएटरपेक्षा इंजिनाच्या पोटात अधिक सापडते.

ते पोट कोल्हापूरला परके नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्यांमधून वाहन उद्योगासाठी कास्टिंग तयार होतात. पिस्टन बनवणारे कारखानेही येथे आहेत. सिलिंडर ब्लॉक किंवा हेड ओतताना सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, म्हणजे ‘वॉटर जॅकेट’, वाळूच्या कोअरने घडवली जाते. साच्यात वाळूचा वेडावाकडा, नाजूक कोअर बसवायचा, भोवती वितळलेला धातू ओतायचा आणि धातू थिजल्यावर आतली वाळू झाडून काढायची. जिथे वाळू होती तिथे उद्या पाणी फिरणार. कोपऱ्यात वाळूचा खडा राहिला किंवा कोअरच्या सांध्यातून धातूची पातळ पाकळी आत शिरली, तर तेवढ्या जागी प्रवाह अडतो. बाहेरून निर्दोष दिसणारे हेड मग एकाच जागी तापत राहते.

हेडमध्ये सर्वांत दाहक जागा असते ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला. तेथे कूलंट धातूला टेकताच बारीक बुडबुडे धरतो. हे बुडबुडे लगेच सुटून प्रवाहाबरोबर वाहून गेले तर ते उपकारकच ठरतात, कारण प्रत्येक बुडबुडा बरीच उष्णता उचलून नेतो. प्रवाह मंद असेल तर मात्र बुडबुडे एकत्र येऊन वाफेचा पडदा तयार होतो. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच उडून न जाता नाचत राहतो, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेले असते. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तव्याची उष्णता थेंबापर्यंत पोचत नाही. हेडमध्ये असा पडदा धरला की धातूचे तापमान झपाट्याने चढते, इंधन अवेळी पेटू लागते, इंजिन ‘नॉक’ करू लागते. काट्यावर तेव्हा कदाचित काहीच दिसत नसते.

दुसरे कारण समानतेचे. प्रवाह निम्मा केला तर वर काढलेला आठ अंशांचा फरक सोळा होतो. कूलंट प्रथम ज्या सिलिंडरपाशी पोचतो तो आणि शेवटचा सिलिंडर यांच्या तापमानात तेवढी तफावत पडते. शक्तिशाली इंजिनात एखादाच सिलिंडर अधिक तापला तरी सगळ्यांची ताकद त्याच्यासाठी कमी करावी लागते. म्हणून इंजिन बनवणारे प्रवाहाची मात्रा ठरवतात ती आधी सिलिंडर हेडचा विचार करून. काही कंपन्यांनी तर कूलंट आधी हेडमध्ये आणि मग ब्लॉकमध्ये पाठवण्याचा उलटा मार्ग चोखाळला. १९९२ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटचे इंजिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

‘पाण्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’

गॅरेजमध्ये एक समजूत घट्ट रुजलेली आहे. ‘कूलंट फार वेगाने गेला तर रेडिएटरमध्ये त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही,’ असे सांगितले जाते. ऐकायला ते पटते. पण हिशेबात टिकत नाही.

कूलंट बंद चक्रात फिरतो. वेग दुप्पट केला तर प्रत्येक थेंब रेडिएटरमध्ये निम्मा वेळ राहतो हे खरे. पण तो दुप्पट वेळा तेथे येतो. मघाच्या उदाहरणात प्रवाह दुप्पट केला, तर ९५ अंशांना रेडिएटरमध्ये शिरलेला कूलंट ८७ ऐवजी ९१ अंशांवर बाहेर पडेल. म्हणजे रेडिएटरमधील त्याचे सरासरी तापमान ९१ वरून ९३ अंशांवर गेले. बाहेरची हवा ४० अंशांची असेल तर दोहोंतील अंतर ५१ वरून ५३ झाले. जितके अंतर अधिक तितकी उष्णता अधिक सुटते. म्हणून थंडावा कमी न होता सुमारे चार टक्क्यांनी वाढला.

चारच टक्के का, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कारण पंपाची किंमत जबर आहे. अशा पंपाचा वेग दुप्पट केला तर प्रवाह साधारण दुप्पट होतो. त्यासाठी लागणारी ताकद मात्र आठपट होते. इंजिन सात-आठ हजार फेऱ्यांवर फिरत असताना पंपाच्या पात्यांमागे दाब इतका घसरतो की कूलंटची तिथेच वाफ होऊ लागते आणि पंप पाण्याऐवजी फेस घुसळत बसतो. म्हणून शर्यतीच्या इंजिनांत पंपाची पुली मुद्दाम मोठी ठेवून त्याचा वेग उतरवतात. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये आणलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात तर पंप पट्ट्यावरून काढून विजेवर दिला. इंजिनाचा वेग काहीही असो, उष्णतेच्या गरजेपुरताच प्रवाह द्यायचा, हा त्यामागचा विचार.

गैरसमज निपजला तो एका खऱ्या अनुभवातून. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर काही गाड्या अधिक तापू लागल्या आणि त्याजागी छिद्राची चकती बसवल्यावर सुधारल्या. लोकांनी अर्थ लावला, की पाणी सावकाश गेले म्हणून फायदा झाला. प्रत्यक्षात चकतीच्या अडथळ्यामुळे इंजिनातील दाब वाढला, पंपातील फेस थांबला आणि हेडमधील वाफेचा पडदा मोडला. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढून टाकला की आडवाट कायमची उघडी राहते आणि बराचसा कूलंट रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच शिरतो. ‘थर्मोस्टॅट काढा, गाडी थंड राहील’ हा सल्ला म्हणूनच दुहेरी तोट्याचा आहे. सकाळी इंजिन वेळेवर तापत नाही, तेल घट्ट राहून झीज वाढते. आणि घाटात ते वेळेवर थंडही होत नाही.

दाब वाढवा, रेडिएटर लहान करा

उकळण्याचा बिंदू दाबाबरोबर वर सरकतो, हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या घराला सांगायला नको. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारे साधे पाणी कोल्हापुरात उघड्या भांड्यात सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण साधारण एक बार जादा दाब धरते, तेव्हा तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. निम्मे ग्लायकॉल असेल तर आणखी काही अंशांची सवलत मिळते. झाकणाचे रबर कुजून दाब धरणे बंद झाले, तर वीस अंशांची ही राखीव शिबंदी एका क्षणात नाहीशी होते. मोटारीत इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित वस्तू क्वचितच असेल.

शर्यतीच्या गाड्यांनी याच नियमाचा पुरेपूर लाभ घेतला. फॉर्म्युला वनमध्ये पाण्याच्या यंत्रणेत पावणेचार बारपर्यंत दाब ठेवला गेला, त्यामुळे कूलंट १२० अंशांच्या पुढेही न उकळता फिरू शकला. हवा ४० अंशांची असताना ९५ अंशांच्या कूलंटला ५५ अंशांचे अंतर मिळते, १२० अंशांच्या कूलंटला ८० अंशांचे. उष्णता तेवढीच फेकायची, तर रेडिएटर सुमारे एक तृतीयांशाने लहान चालतो. रेडिएटर लहान म्हणजे वाऱ्याचा विरोध कमी आणि वेग जास्त. सर्वांत वेगवान मोटारीचा रेडिएटर सर्वांत मोठा नसतो. तो गरजेपेक्षा तसूभरही मोठा नसतो.

कोल्हापूरच्या ट्रॅकवरची चिकटपट्टी

हा समतोल कोल्हापूरकरांना घराजवळ पाहता येतो. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि या शहराने कृष्णराज महाडिक यांच्यासारखा, ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत मजल मारणारा चालक दिला आहे. कार्टिंगमध्ये रुळलेल्या १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनाला पाण्याचा छोटा रेडिएटर असतो, चालकाच्या बाजूला उभा केलेला. त्याला पंखा नसतो. कार्ट धावत आहे तोवर वारा आहे. थांबली की वारा संपला.

या रेडिएटरवर चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावलेले पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. थंड करण्यासाठी बसवलेली जाळी झाकायची कशाला? कारण इंजिनाला गरजेपेक्षा जास्त थंडावाही मानवत नाही. कार्टचे मेकॅनिक पाणी साधारण पन्नास-साठ अंशांच्या पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न करतात. सकाळच्या गार हवेत दोन पट्टे, दुपारच्या उन्हात एकही नाही. रस्त्यावरच्या गाडीत हेच काम थर्मोस्टॅट आपोआप करतो आणि तापमान नव्वद अंशांच्या आसपास राखतो. म्हणून रेडिएटरची ‘क्षमता’ म्हणजे गाडी किती थंड होईल याचे माप नव्हे. सर्वांत कठीण प्रसंगी तापमान ठरलेल्या मर्यादेत राखण्याची ती ताकद आहे.

परीक्षा घाटात

रस्त्यावरच्या गाडीसाठी तो कठीण प्रसंग महामार्गावर येत नाही. ताशी शंभर किलोमीटरने पुण्याकडे धावणाऱ्या गाडीला वारा भरपूर आणि इंजिनावर भार मध्यम. कठीण प्रसंग येतो तो कोकणातून वर चढताना, आंबा घाटात, फोंडा घाटात किंवा गगनबावड्याकडे येणाऱ्या करूळ घाटात. मे महिन्यातील दुपार, गाडीत पाच माणसे, टपावर आंब्याच्या पेट्या, पुढे मालमोटारींची रांग, दुसरा गिअर. इंजिन जवळपास पूर्ण जोरावर आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटर. उष्णता सर्वांत अधिक आणि वारा सर्वांत कमी, हा योग येथेच जुळतो.

त्यात आधुनिक गाडीची रचना भर घालते. बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. टर्बोच्या अनेक गाड्यांत त्याच वाऱ्याच्या वाटेत इंटरकूलरही असतो. बाहेर ४२ अंश असेल तर या सगळ्यांतून जाऊन रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा दहा अंशांनी तापलेली असू शकते. हिवाळ्यातील ३० अंशांच्या हवेशी ९५ अंशांच्या कूलंटचे अंतर ६५ अंश होते. आता ते ४३ वर आले. हवा तेवढीच मिळाली तरी तोच रेडिएटर तिसऱ्या हिश्शाने दुबळा झाला. घाटात काटा चढू लागला की जुने चालक एसी बंद करतात, त्यामागे हे कारण आहे.

कंपनीने दिलेला रेडिएटर अशा प्रसंगाला पुरेल एवढा असतो. पण तो कंपनीने दिलेल्या ताकदीच्या इंजिनासाठी. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन दोनशेवर नेले की पूर्ण भारावरील उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. रोजच्या शहरी वापरात हे लक्षातही येत नाही, कारण तिथे पूर्ण भार काही सेकंदांपुरताच पडतो. घाटात तो सलग पंधरा मिनिटे पडतो.

अशा वेळी नुसता मोठा रेडिएटर हा सुद्धा नेहमी उपाय ठरत नाही. जाडी दुप्पट केलेल्या जाळीतून हवा जाताना पहिल्या थरातच तापते. मागच्या थराला गरम हवा मिळते आणि पंख्याला ती खेचणेही जड जाते. शक्य असेल तर समोरील क्षेत्रफळ वाढवणे, पंख्याभोवतीचे काऊल घट्ट बसवून हवा बाजूने निसटू न देणे आणि रेडिएटर व बॉडी यांच्यातील फटी फोमने बुजवणे, हे अनेकदा अधिक गुणकारी ठरते. हवा शिरण्याइतकीच ती बाहेर पडण्याची वाटही महत्त्वाची असते. बॉनेटखाली हवा कोंडली तर समोरची जाळी कितीही मोठी असो, वारा तिच्यातून जाणार नाही.

विहिरीचे पाणी रेडिएटरला नको

विजेचे पंप सर्वत्र होण्यापूर्वी नदीकाठच्या आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांची तऱ्हा निराळी होती. पंपाने उपसलेल्या पाण्यातलाच एक फाटा इंजिनातून फिरवून कोमट झालेले पाणी पाटाला सोडून दिले जाई. रेडिएटरची गरजच नव्हती. सबंध विहीरच रेडिएटर होती. त्या सवयीतून ‘पाणी ते पाणी’ ही वृत्ती मोटारीपर्यंत आली असावी. बोअरचे पाणी ओतून वेळ मारून नेण्याची सवय शहरातही दिसते.

जड पाण्यातील क्षार सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे नेमके हेडमध्ये, पुटासारखे बसतात. हे पुट बिडाच्या पंचविसाव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतकीच उष्णता पुढे जाऊ देते. एक मिलिमीटर क्षार म्हणजे उष्णतेच्या वाटेत पंचवीस-पन्नास मिलिमीटर जाडीची बिडाची भिंत उभी करण्यासारखे. म्हणून कंपनीने सांगितलेला कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावा. ग्लायकॉल अधिक घातल्याने थंडावा वाढत नाही. उलट त्याची उष्णता वाहण्याची शक्ती पाण्याहून कमी असल्याने घटतो. कूलंटमधील गंजरोधक द्रव्येही काही वर्षांत क्षीण होतात, म्हणून तो मुदतीत बदलावा लागतो.

तापमानाच्या काट्यावरही डोळे झाकून विसंबू नये. अनेक गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तो हलू लागतो तेव्हा वेळ थोडाच उरलेला असतो. कूलंट गळून गेला आणि सेन्सर वाफेत उघडा पडला, तर काटा खालीही उतरू शकतो. ताकद वाढवलेल्या गाडीत कूलंटचे खरे तापमान अंकांत दाखवणारे उपकरण ही चैन नसून गरज आहे.

आणि तरीही गाडी तापलीच, तर एसी बंद करून, भार कमी करून सुरक्षित जागी थांबावे. कूलंट गळत नसेल आणि काटा अगदी टोकाला गेलेला नसेल तर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवणे हिताचे, कारण ते बंद करताच बहुतेक गाड्यांतील पंप थांबतो आणि हेडमधील उष्णता जागीच कोंडते. काटा टोकाला गेला असेल किंवा पाणी गेले असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. दाबाखाली १०० अंशांच्या वर असलेला कूलंट झाकण सैल होताच वाफ होऊन उसळतो आणि हात-चेहरा भाजतो. घाटात घाईने उघडलेल्या झाकणामुळे होणारी इजा इंजिनाच्या कोणत्याही खर्चापेक्षा महाग पडते.

मेबॅक यांनी आठ हजार नळ्या जोडताना जे ओळखले होते ते आजही बदललेले नाही. कूलंटचा प्रवाह इंजिनाला सांभाळतो आणि हवेचा प्रवाह कूलंटला. उष्णतेला धातूतून पाण्यात, पाण्यातून नळीत आणि नळीतून हवेत अशी साखळी पार करावी लागते, आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते. इंजिनाची ताकद वाढवण्यापूर्वी ती कडी कोणती, हे पाहून घेणे शहाणपणाचे. ते पाहण्यासाठी घाटमाथ्याची वाट बघू नये.